दोन एक्सल, एक बोट
(जोड-एक्सल ट्रेलरच्या सस्पेन्शनचा छोटासा अभ्यास)



मेसमधलं टेबल डुगडुगतं ही तक्रार होस्टेलवर राहणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी केलेली असते. वरणाची वाटी कलंडायला लागली की आपण कागदाची घडी करून एका पायाखाली सरकवतो आणि जेवायला लागतो. तीन पायांचं स्टूल मात्र कितीही खडबडीत फरशीवर ठेवा, ते कधी डुगडुगत नाही. असं का?

फर्स्ट इयरला शिकलेलं आठवा. तीन पायांवर किती किती वजन आलं हे समतोलाच्या समीकरणांनी थेट काढता येतं. चौथा पाय आला की अज्ञात चार आणि समीकरणं तीनच. मग कोणत्या पायावर किती भार येणार हे फरशी किती सपाट आहे आणि पाय किती लवचीक आहेत यावर ठरतं. पुस्तकात याला स्टॅटिकली इनडिटरमिनेट रचना म्हणतात. आपण व्हायव्हात ही व्याख्या पाठ म्हणून दाखवतो आणि विसरतो.

हीच गोष्ट रस्त्यावर धावायला लागली तर काय होतं, त्याबद्दल हा लेख आहे. उदाहरण घेतलंय दोन एक्सलच्या बोट ट्रेलरचं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे काही शब्द इंग्रजीतूनच येतील, पण गॅरेजमध्येही तेच शब्द चालतात, त्यामुळे अडचण येऊ नये.

नाशिकमध्ये बोट ट्रेलर कुठून आला?

प्रश्न बरोबर आहे. आपल्याकडे समुद्र नाही, आणि गोदावरीतून कुठलीही बोट समुद्राकडून वर येत नाही. पण १९६५ साली पूर्ण झालेलं गंगापूर धरण आपल्या शहराला लागूनच आहे आणि त्याच्या काठावर एमटीडीसीचा बोट क्लब आहे. कोयनेच्या शिवसागर जलाशयावर तापोळ्याला बोटी आहेत. अशा कुठल्याही धरणावर मोठी बोट पोहोचवायची तर एकच मार्ग, तो म्हणजे रस्ता. मुंबईकडून बोट निघाली तर तिला कसारा घाट चढून यावं लागतं. म्हणजे जी वस्तू पाण्यावर अलगद तरंगायला बनवली आहे, तिचा सगळ्यात खडतर प्रवास जमिनीवर होतो.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीला मोठे पूर आले. पाणी किती चढलं हे नाशिककर आजही दुतोंड्या मारुतीकडे बघून सांगतात, कमरेपर्यंत आलं की छातीपर्यंत. ऑगस्ट २०१९ मध्येच सांगली-कोल्हापूरला महापूर आला तेव्हा बचावाच्या बोटी बाहेरच्या जिल्ह्यांतून आणाव्या लागल्या. रबरी बोट घडी करून ट्रकमध्ये टाकता येते. फायबरची किंवा मोठ्या इंजिनाची बोट मात्र ट्रेलरवरच जाते. पुराच्या दिवशी ट्रेलरचं चाक वाटेत निखळलं, तर बोट कितीही चांगली असून उपयोग काय?

एकच जाड एक्सल का नाही?

लहान बोटीला एकच एक्सल पुरतो. वजन साधारण दीड टनाच्या पुढे गेलं की दोन एक्सल लावण्याकडे कल असतो. कारण सोपं आहे. टायरला वजन पेलण्याची मर्यादा असते, आणि चार टायरवर भार वाटला तर प्रत्येकावर कमी येतो. शिवाय एक टायर फुटला तरी ट्रेलर लगेच एका अंगाला आडवा होत नाही.

हे सगळं खरं आहे, पण 'भार वाटला तर' यातला 'तर' महत्त्वाचा. भार आपोआप वाटला जात नाही. तो वाटून द्यावा लागतो.

आता आपण एक ट्रेलर डोळ्यासमोर आणू. आकडे मी अभ्यासासाठी धरलेले आहेत, कुठल्या ठराविक कंपनीच्या ट्रेलरचे नाहीत. बोट आणि ट्रेलर मिळून वजन २४०० किलो. त्यातले २०० किलो पुढच्या हुकावर, म्हणजे ओढणाऱ्या गाडीवर. उरलेले २२०० किलो दोन एक्सलवर, प्रत्येकी ११००. हुकापासून पुढचा एक्सल ५ मीटरवर आणि मागचा ५.८५ मीटरवर. ११०० किलोखाली स्प्रिंग ५ सेंमी दबते, म्हणजे प्रत्येक एक्सलच्या स्प्रिंगचा कडकपणा सेंमीला २२० किलो.

पहिला त्रास: गतिरोधक

समजा दोन्ही एक्सलच्या स्प्रिंग एकमेकींपासून स्वतंत्र आहेत. पुढचं चाक ५ सेंमी उंचवट्यावर चढलं. ट्रेलर हुकाभोवती किंचित वर उचलला जातो. हुकाभोवती मोमेंट घेऊन गणित केलं की उत्तर येतं ते असं:

पुढच्या एक्सलची स्प्रिंग २.८९ सेंमी जास्त दबते, म्हणजे भार ६३६ किलोने वाढून १७३६ किलो.
मागच्या एक्सलची स्प्रिंग २.४७ सेंमी सैल होते, म्हणजे भार ५४३ किलोने घटून ५५७ किलो.

उंचवटा फक्त ५ सेंमीचा, आणि ५०:५० ची वाटणी झाली ७६:२४! तीसुद्धा गाडी अगदी हळू चालवली असं धरून. वेगात आदळली तर आकडा आणखी वाढेल. एवढ्या भारासाठी टायर, बेअरिंग आणि एक्सल निवडलेलेच नसतात. आपल्याकडे काही गावांच्या वेशीवर जे गतिरोधक असतात त्यांची उंची आठवा, आणि त्या बिचाऱ्या एक्सलची कल्पना करा.

उपाय: मधला दांडा

यावरचा उपाय दिसायला अगदी साधा आहे. आडगावच्या बाजूला ट्रकच्या पाट्यांची कामं करणारी बरीच गॅरेज आहेत. तिथल्या एका मिस्त्रीकाकांना मी विचारलं, "काका, दोन पाट्यांच्या मध्ये हा दांडा कशाला?" ते म्हणाले, "ताई, तो नसला तर एक चाक मरेस्तोवर काम करतं आणि दुसरं नुसतं फिरतं." व्हायव्हात हेच वाक्य मी म्हणाले असते तर मार्क मिळाले असते की नाही माहीत नाही, पण याहून अचूक व्याख्या मला पुस्तकात सापडली नाही.

या दांड्याचं नाव इक्वलायझर. पुढच्या पाट्याचं पुढचं टोक चासीला पक्कं, मागच्या पाट्याचं मागचं टोकही चासीला जोडलेलं. मधली दोन टोकं मात्र चासीला न जोडता इक्वलायझरच्या दोन बाजूंना टेकतात, आणि इक्वलायझर स्वतः मध्यभागी एका पिनवर झुलतो. म्हणजे आपली कावडच! कावड खांद्यावर मध्यभागी घेतली की दोन्ही घागरींचं वजन सारखंच असावं लागतं, नाहीतर ती कलते. इक्वलायझरही तसाच. एका टोकावर जास्त बळ आलं की तो लगेच तिकडे कलतो, दुसऱ्या पाट्याला खाली दाबतो, आणि दोन्हीकडचं बळ सारखं झालं की थांबतो.

आता तोच ५ सेंमीचा उंचवटा घ्या. पुढचा एक्सल चासीच्या मानाने सुमारे अडीच सेंमी वर जातो, मागचा तेवढाच खाली येतो, चासी अडीच सेंमी उचलली जाते आणि दोन्ही एक्सलवर भार ११००-११०० च राहतो. चार पायांच्या टेबलाचे दोन पाय आपण एका झुलत्या पट्टीवर ठेवले, म्हणजे त्याचं तीन पायांचं स्टूल झालं. अज्ञात एकाने कमी झाला आणि गणित सुटलं.

ही कल्पना ट्रेलरपेक्षा फार जुनी आहे. अमेरिकेत जोसेफ हॅरिसन यांनी १८३८ साली रेल्वे इंजिनाच्या चाकांसाठी असा समतोल दांडा पेटंट केला, कारण तिकडचे रूळ ओबडधोबड होते आणि इंजिनाची चाकं रुळावरून उतरायची. पुढे १९२६ साली मॅग्नस हेंड्रिक्सन यांनी ट्रकच्या जोड-एक्सलसाठी झुलत्या बीमचं सस्पेन्शन आणलं. मुंबई-आग्रा महामार्गावर दहा टायरचे ट्रक दिसतात, त्यांच्या मागच्या बोगीतही भार वाटून घेण्याचं हेच तत्त्व आहे.

आपला कायदाही या वाटणीवर भरवसा ठेवून लिहिलेला आहे. १६ जुलै २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेने चार टायरच्या एकट्या एक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली, आणि जोड-एक्सलची १९ वरून २१ टन. लक्षात घ्या, २१ टन ही जोडीची मर्यादा आहे. वजनकाट्यावर जोडीचं वजन २१ भरलं म्हणजे प्रत्येक एक्सलवर साडेदहा, असं आपण मनातल्या मनात धरतो. इक्वलायझर जाम झालेला असेल तर ते साडेबारा आणि साडेआठही असू शकतं, आणि पावतीवर काहीच दिसणार नाही.

रस्त्याला मात्र ते कळतं. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात इलिनॉय राज्यात आशो रोड टेस्ट नावाचा मोठा प्रयोग झाला. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा की रस्त्याची झीज एक्सलच्या भाराच्या चौथ्या घाताने वाढते. वाटणी ६०:४० झाली तर एका एक्सलवर १.२ पट आणि दुसऱ्यावर ०.८ पट भार. १.२ चा चौथा घात २.०७, ०.८ चा ०.४१, बेरीज २.४८. समान वाटणीत ही बेरीज २ असते. म्हणजे वजन तेवढंच, ट्रक तोच, पण रस्त्याची झीज २४ टक्के जास्त. खड्ड्यांसाठी आपण कॉन्ट्रॅक्टरला नावं ठेवतो. थोडा वाटा या जाम पिनांचाही असतो.

दुसरा त्रास: हुकाची उंची

परदेशात बोट ट्रेलरवर आणखी एक पद्धत लोकप्रिय आहे, टॉर्शन एक्सल. चौकोनी नळीत रबराचे दांडे दाबून बसवलेले असतात आणि चाकाचा हात वर गेला की रबर पिळलं जातं. त्यात पाटे नाहीत, त्यामुळे पाट्यांमध्ये गंज धरण्याचा प्रश्न नाही. चाल मऊ, आवाज कमी. बोटीसाठी छानच. पण यात दोन एक्सल एकमेकांशी बोलत नाहीत. प्रत्येकजण आपापलं रबर सांभाळतो.

याचा परिणाम सपाट रस्त्यावरही दिसतो. समजा ट्रेलर पातळीत राहण्यासाठी हुक जेवढा उंच हवा, त्यापेक्षा ओढणाऱ्या जीपचा हुक १० सेंमी खाली आहे. ट्रेलर नाक खाली घालून उभा राहतो. आपलेच आकडे घालून गणित केलं तर पुढच्या एक्सलवर १२८५ किलो आणि मागच्यावर ९४२ किलो येतात. ३४० किलोंहून जास्त फरक, तोही गतिरोधकापुरता नाही, पूर्ण प्रवासभर.

बेअरिंगच्या आयुष्याचं सूत्र आपण मशीन डिझाइनमध्ये शिकतो. टेपर रोलर बेअरिंगचं आयुष्य भाराच्या १०/३ घाताच्या व्यस्त प्रमाणात असतं. भार १.१७ पट झाला की आयुष्य उरतं सुमारे ६० टक्के. म्हणजे दहा सेंमीच्या दुर्लक्षाने पुढच्या एक्सलच्या बेअरिंगचं ४० टक्के आयुष्य गेलं. मग मालक म्हणतो, बेअरिंग डुप्लिकेट निघालं!

इक्वलायझरच्या ट्रेलरमध्ये हा फरक दांडा स्वतः भरून काढतो. म्हणून नियम असा: टॉर्शन एक्सल असेल तर हुकाची उंची आधी मोजा, ट्रेलर पातळीत आहे का ते बघा आणि मगच निघा.

तिसरा त्रास: ब्रेक

इथपर्यंत वाचून वाटेल की इक्वलायझर म्हणजे सगळ्या रोगांवर औषध. तसं नाही. ब्रेक मारला की हाच दांडा उलटा वागतो. हा भाग जरा लक्ष देऊन वाचा, कारण माझ्या मते तो सगळ्यात महत्त्वाचा आहे.

चाक पुढे फिरतंय आणि ब्रेक लागला. ब्रेक चाकाला धरतो, तेव्हा चाकही एक्सलला आपल्याबरोबर पुढे फिरवायला बघतं. एक्सल पाट्याला घट्ट बांधलेला असतो. म्हणून प्रत्येक पाट्याचं पुढचं टोक खाली आणि मागचं टोक वर जाऊ पाहतं. पुढच्या पाट्याचं मागचं टोक इक्वलायझरला वर ढकलतं. मागच्या पाट्याचं पुढचं टोक इक्वलायझरवरून सैल होतं. इक्वलायझरला तर दोन्हीकडे सारखं बळ हवं. मग तो कलतो, आणि शेवटी पुढचा एक्सल हलका होतो, मागचा जड.

किती? दोन एक्सलच्या भारातला फरक म्हणजे दोन्ही ब्रेक टॉर्कची बेरीज भागिले पाट्याची अर्धी लांबी. चाकाची त्रिज्या ३० सेंमी, अर्धा पाटा ३० सेंमी आणि प्रत्येक एक्सलवर ४४० किलो ब्रेकचं बळ धरलं, तर फरक येतो ८८० किलो. म्हणजे पुढे ६६० आणि मागे १५४०. पुढच्या चाकांना ६६० किलो भारावर ४४० किलोचा ब्रेक पेलायचा, म्हणजे घर्षणांक ०.६७ हवा. कोरड्या डांबरावर कसाबसा मिळेल. पावसाळ्यात घाट उतरताना मिळणार नाही. चाक लॉक होईल, घसरेल, टायरला एका जागी चपटा डाग पडेल, आणि पुढचा एक्सल थडथड उड्या मारायला लागेल.

दोन एक्सलपैकी एकाचेच टायर जागोजागी चपटे झिजलेले दिसले तर हे कारण आधी तपासावं. मोठ्या ट्रकच्या बोगीत यासाठी टॉर्क रॉड असतात. ते ब्रेकचा पीळ थेट चासीला नेतात, पाट्यांना त्यात ओढत नाहीत. लहान ट्रेलरमध्ये ते सहसा नसतात. मग उपाय उरतो तो ड्रायव्हरच्या हातात, म्हणजे पायात: उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवणं आणि एकदम ब्रेक न मारणं. घाटातल्या पाट्यांवर हे लिहिलेलं असतं, पण का लिहिलंय ते गणित केल्यावर पटतं.

चौथा त्रास: हलका बोजा

सस्पेन्शन मजबूत म्हणजे चांगलं, असा आपला समज. पण स्प्रिंग वजनाच्या मानाने मजबूत असावी लागते. त्यासाठी एक छान सोपं सूत्र आहे. स्प्रिंग स्थिर वजनाखाली जितके सेंमी दबते, त्याचं वर्गमूळ काढा आणि ५ ला त्याने भागा, की सेकंदाला किती हेलकावे ते मिळतं. आपला ट्रेलर ५ सेंमी दबतो, म्हणजे सेकंदाला २.२ हेलकावे. त्याच ट्रेलरवर निम्माच भार ठेवला तर दब अडीच सेंमी आणि हेलकावे ३.२. म्हणजे हलकं सामान जास्त आपटतं!

रोइंगच्या बोटींचं असंच होतं. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातला, तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्स प्रकारात तेराव्या क्रमांकावर आला. त्या प्रकारच्या बोटीचं किमान वजन नियमाप्रमाणे फक्त १४ किलो आणि लांबी आठ मीटरच्या आसपास असते. अशा दहा बोटी ठेवल्या तरी दीडशे किलो होत नाहीत. त्यासाठी जड बोटीचा दोन टनी ट्रेलर वापरला तर पाटे हलणारच नाहीत आणि सगळे दणके बोटीच्या पातळ कवचाला बसतील. इथे पाटे कमी करणं किंवा मऊ स्प्रिंग लावणं हेच शहाणपण.

पाचवा त्रास: पाणी

बाकी कुठलाही ट्रेलर मुद्दाम पाण्यात बुडवत नाहीत. बोट ट्रेलर मात्र प्रत्येक वेळी मागे मागे नेत पाण्यात घालावा लागतो, तेव्हा कुठे बोट तरंगते. लांबचा प्रवास करून आलेला हब गरम असतो. तो थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढलं जातं. ग्रीसचं दुधाळ लोणी होतं आणि बेअरिंग गंजायला सुरुवात होते. चार्ल्सचा नियम बारावीला आपण सगळ्यांनीच घोकलाय. तो इथे बेअरिंग खातो.

यावर उपाय दोन. एक, पोहोचल्यावर हब हाताला थंड लागेपर्यंत थांबायचं. चहा प्यायला निमित्तही मिळतं. दोन, हबवर स्प्रिंगच्या दाबाची ग्रीस कॅप बसवायची. ती आतलं ग्रीस सतत थोड्या दाबाखाली ठेवते, त्यामुळे पाणी आत शिरत नाही.

पाट्यांमध्येही पाणी अडकतं. गंज फुगतो आणि पाने एकमेकांवर सरकायची थांबतात. मग पाटा स्प्रिंग न राहता लोखंडी पट्टी होतो. तसंच इक्वलायझरच्या पिनचं. ती गंजून जाम झाली की दांडा झुलत नाही, आणि आपण पुन्हा पहिल्या त्रासाशी, म्हणजे ७६:२४ शी येऊन पोहोचतो. बाहेरून मात्र सगळं जागच्या जागी दिसतं.

काय काय तपासायचं?

१. चारही टायरची झीज हाताने चाचपून बघा. एकाच एक्सलचे टायर जास्त झिजले असतील तर वाटणी बिघडली आहे.

२. इक्वलायझर दोन्ही बाजूंना सारखा कललाय का? रिकाम्या ट्रेलरच्या एका चाकाखाली फळी घालून बघा, दांडा हलला पाहिजे. नाही हलला तर पिन आणि बुश उघडा.

३. इक्वलायझरला हलायला जागा किती आहे? एक्सल चासीच्या मानाने जेवढा सरकतो त्याच्या दुप्पट दांड्याचं टोक सरकतं. टोकाला वरखाली ७-७ सेंमी जागा असेल तर तो सुमारे ७ सेंमीचाच उंचवटा पचवतो. त्यापुढे दांडा चासीला टेकतो आणि वाटणी संपते.

४. यू-बोल्ट नव्याने कसले असतील तर भार घालून थोडं चालवल्यावर पुन्हा कसा. ते सैल राहिले तर सगळा जोर सेंटर बोल्टवर येतो. तो तुटला की एक्सल तिरका सरकतो.

५. अरुंद जागेत ट्रेलर एकदम वळवू नका. जोड-एक्सल जागेवर वळताना चारही टायर आडवे घासतात आणि पाट्यांचे हँगर वाकतात. धरणाच्या उतारावर रिव्हर्स घेताना हे सगळ्यात जास्त होतं.

६. बोट ट्रेलरवर पुढेमागे नीट बसली आहे का? इंजिन मागे असतं, त्यामुळे बोट थोडी जरी मागे सरकली तरी हुकावरचं वजन कमी होतं आणि ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो. एकूण वजनाच्या ५ ते १० टक्के भार हुकावर हवा. आपल्या उदाहरणात तो ८.३ टक्के आहे.

थोडा गृहपाठ

इक्वलायझरची पिन बरोबर मध्यावर नसून पुढचा हात १२ सेंमी आणि मागचा १४ सेंमी असेल तर २२०० किलोची वाटणी कशी होईल? उत्तर: पुढे ११८५, मागे १०१५. आता खरा प्रश्न: ब्रेकमुळे पुढचा एक्सल हलका होतो, तर पिन मुद्दाम अशी सरकवून बसवावी का? एकदम हो किंवा नाही म्हणू नका. ट्रेलर किती वेळ ब्रेकवर असतो आणि किती वेळ साधा चालतो, याचा विचार करा आणि मग वाद घाला. मेसमध्ये वादाला विषय कमी पडत असतील तर हा घ्या.

शेवटी एवढंच म्हणावंसं वाटतं. आपल्याला असं शिकवतात की आधार वाढवले की रचना सुरक्षित होते. जोड-एक्सल ट्रेलर सांगतो की नुसते आधार वाढवून भागत नाही. ते एकमेकांशी जोडलेले हवेत, आणि तो जोड हलता हवा. शंभर-दोनशे रुपयांचं बुश आणि वेळेवर मारलेलं ग्रीस एवढंच त्यासाठी लागतं. पुराच्या दिवशी कोणीतरी छपरावर बसून बोटीची वाट बघत असेल, तेव्हा ती बोट वेळेवर पोहोचते की नाही हे त्या बुशवरही अवलंबून असतं. तेव्हा गंगापूर धरणावर फिरायला गेलात आणि काठाला बोट ट्रेलर उभा दिसला, तर सेल्फी झाल्यावर जरा खाली वाकून त्याच्या दोन चाकांच्या मध्येही बघा.